उपाहारगृहातील स्वच्छता : प्रश्न सवयीचा की हक्काचा?

(कुरुंदवाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी हा विषय सुचविला तेव्हा संयोजकांपैकी एक-दोघांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने उसाच्या दरावर बोलावे, यंत्रमागाच्या मंदीवर बोलावे, फार तर अर्थसंकल्पाची चिरफाड करावी. हॉटेलातला संडास आणि वाढप्याचे हात हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असा त्या हसण्याचा अर्थ होता. त्यांना दोष देण्याचे मला कारण नाही. तीसेक वर्षे मीही त्याच समजुतीत वावरलो. श्रमाचे अर्थशास्त्र मी वर्गात शिकविले. वेतन, कामाचे तास, बोनस, कामगारांची सौदाशक्ती यांवर फळेच्या फळे भरून लिहिले. कामगारालाही देहधर्म असतो, ही गोष्ट मात्र त्या फळ्यावर कधी आली नाही. ती मला शिकविली एका खानावळीत चपात्या लाटणाऱ्या बाईंनी.

निवृत्तीच्या आधीची गोष्ट आहे. घरी आजारपण असल्यामुळे काही महिने मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका खानावळीत दुपारचे जेवण घेत असे. जेवण चांगले होते, मालकही सज्जन होता. भटारखान्याच्या दाराशी एक बाई सकाळी आठपासून चारपर्यंत तव्यापुढे बसलेल्या असत. उन्हाळ्याचे दिवस होते. एके दिवशी मला जायला उशीर झाला, गिऱ्हाईक उरले नव्हते. मी माझ्या ताटातले ताकाचे भांडे पुढे केले आणि म्हणालो, "बाई, सकाळपासून तव्यापुढं बसला आहात. हे ताक तुम्हीच घ्या." त्या म्हणाल्या, "नको सर. पाणी पोटात गेलं की जायला लागतंय. जायाचं कुठं? सकाळी घरनं निघताना जाऊन येते, ते परत घरला गेल्यावरच."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाऊस जूनमध्ये येतो, अशी एखादी वस्तुस्थिती सांगावी तसे सांगितले. त्याच खोलीच्या भिंतीवर 'स्वच्छता राखा' अशी पाटी होती. ती पाटी मी रोज वाचत होतो, आणि ती कोणाला उद्देशून आहे याचा विचार मी कधीच केला नव्हता. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, उपाहारगृहातील स्वच्छतेचा प्रश्न आपण सवयीचा आणि संस्काराचा मानून बसलो आहोत. वस्तुतः तो पाण्याचा, जागेचा, वेळेचा आणि वेतनाचा प्रश्न आहे. म्हणजेच तो आपला, चळवळीचा, प्रश्न आहे.

कायदा कोणाकडे पाहतो?

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. पूर्वी अन्नाच्या शुद्धतेसाठी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. २०११ साली त्याखालील परवाना व नोंदणीविषयक नियम अंमलात आले. या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत, आणि कार्यकर्त्यांनी त्या एकदा मुळातून वाचाव्यात. अन्न हाताळणाऱ्या कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी. पोटाच्या साथीच्या रोगांविरुद्ध त्याला लस टोचावी. नखे कापलेली असावीत. संडासातून आल्यावर लगेच हात धुवावेत. संसर्गजन्य आजार असलेल्याला अन्नाजवळ येऊ देऊ नये. कामगारांच्या स्वच्छतागृहाचाही उल्लेख आहे. ते स्त्री-पुरुषांसाठी वेगळे असावे आणि त्याचे दार स्वयंपाकाच्या जागेत थेट उघडू नये, असे नियम सांगतात.

या अटी योग्यच आहेत. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या कोणाच्या नजरेतून लिहिल्या आहेत हे नीट पाहा. सर्वत्र चिंता आहे ती अन्नाची, म्हणजे ते खाणाऱ्या ग्राहकाची. कामगार या नियमांत येतो तो रोगजंतूंचा संभाव्य वाहक म्हणून. त्याने हात धुवावेत असे नियम सांगतात. पण गर्दीच्या वेळी त्याला जागेवरून उठू कोण देणार, याविषयी ते बोलत नाहीत. आजारी कामगाराने अन्नाला हात लावू नये असे ते सांगतात. पण त्या दिवसाची मजुरी त्याला कोण देणार, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतच येत नाही.

मग कामगाराकडे माणूस म्हणून पाहणारा कायदा कोणता? महाराष्ट्रात १९४८ पासून मुंबई दुकाने व आस्थापना कायदा होता. त्यात निवासी हॉटेले, उपाहारगृहे आणि खानावळी यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणच होते, आणि एक नोकर असला तरी तो कायदा लागू होई. २०१७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. नव्या कायद्यात स्त्री-पुरुष कामगारांसाठी पुरेशी मुताऱ्या-शौचालये असावीत अशी स्पष्ट तरतूद झाली. हे पाऊल पुढचे होते. मात्र हा कायदा लागू झाला तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. दहांपेक्षा कमी कामगार असतील तर मालकाने सरकारला आपल्या धंद्याची सूचना दिली की संपले. २०२५ साली ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यात आली आणि दिवसाच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या कामगार संहितांपैकी कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांची जी संहिता आहे, तिचीही सर्वसाधारण अट दहा कामगारांचीच आहे.

आता आपल्या गावाकडे या. कुरुंदवाडच्या बाजारपेठेत आणि पलीकडे नृसिंहवाडीत जी हॉटेले, खानावळी, मिसळीची व चहाची दुकाने आहेत, त्यांतील किती ठिकाणी वीस माणसे कामाला असतात? तुम्ही रोज तेथे जाता. मनातल्या मनात मोजून पाहा. एक आचारी, दोन वाढपी, भांड्यांना एक बाई, चपात्या-भाकरीला एक बाई आणि गल्ल्यावर मालक, हा आपल्याकडचा सर्वसाधारण संसार. म्हणजे त्यांच्या ताटातल्या अन्नाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते ताट वाढणाऱ्या माणसांना जवळजवळ नाही. कायद्याच्या दृष्टीने भांडे घासण्याची पद्धत ठरलेली आहे; ते घासणाऱ्या बाईने लघवीला कोठे जावे हे ठरलेले नाही.

पोटाची काळजी आणि माणसाची काळजी

ही विसंगती केवळ आपल्याकडची नाही. १९०५ साली अप्टन सिंक्लेअर या अमेरिकन लेखकाची 'द जंगल' ही कादंबरी तिकडच्या एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०६ साली पुस्तकरूपाने आली. शिकागोच्या मांसउद्योगात राबणाऱ्या स्थलांतरित कामगारांचे हाल जगापुढे मांडावेत हा तिचा उद्देश होता. वाचक हादरले, पण हादरले ते आपल्या ताटात काय येते ते वाचून. त्याच वर्षी जून महिन्यात मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. ज्या कामगारांसाठी कादंबरी लिहिली, त्यांच्या वेतनासाठी वा कामाच्या तासांसाठी त्या कायद्यांत काही नव्हते. लोकांच्या हृदयाला हात घालावयाचा होता, आपला नेम लागला तो पोटावर, अशा अर्थाची खंत सिंक्लेअरने पुढे बोलून दाखविली.

पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाच्या स्वयंपाकिणीला सरकारने पकडले. ती ज्या घरांत स्वयंपाक करी तेथे विषमज्वराचे रुग्ण निघत. स्वतः तिला मात्र काहीही त्रास नव्हता. लक्षणे नसलेला माणूसही रोग वाहून नेऊ शकतो, हे अमेरिकेत प्रथम तिच्यामुळे लोकांच्या ध्यानात आले. तिला बेटावरच्या रुग्णालयात डांबण्यात आले. पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही या हमीवर १९१० साली तिची सुटका झाली. ती कपडे धुण्याचे काम करू लागली. त्यात मजुरी कमी. अखेर नाव बदलून ती एका प्रसूतिगृहात स्वयंपाकाला लागली. १९१५ साली तेथे विषमज्वराची साथ आली, पंचवीस माणसे आजारी पडली आणि दोघे दगावले. मेरीला पुन्हा बेटावर नेण्यात आले आणि १९३८ साली ती तेथेच वारली.

या कथेतील मेरीला दुष्ट ठरविणे सोपे आहे, आणि वृत्तपत्रांनी तेव्हा तेच केले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी त्या कथेकडे पाहतो तेव्हा मला दुसरेच काही दिसते. समाजाने तिला सांगितले की, आमच्या आरोग्यासाठी तू तुझी उपजीविका सोड. मागणी रास्त होती. पण त्या त्यागाची किंमत एकटीनेच भरावी, अशी अपेक्षा होती. ज्याचा लाभ सर्वांना होणार, त्याचा खर्च एका गरीब बाईच्या माथी मारला की काय होते, ते त्या प्रसूतिगृहात दिसले.

आपल्या हॉटेलांत रोज लहान प्रमाणात हेच घडत असते. वाढप्याला रात्रभर जुलाब झाले आहेत. नियमाप्रमाणे त्याने घरी बसावे. घरी बसला तर त्या दिवसाची मजुरी गेली; दोन दिवस बसला तर कदाचित जागाच गेली. तो काय करील? गोळी घेईल आणि कामावर येईल. कोणी विचारले तर 'बरा आहे' म्हणेल. आपण त्याला बेजबाबदार म्हणतो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर काय केले असते? मला प्राध्यापक असताना पगारी वैद्यकीय रजा होती. म्हणून तापात वर्गावर न जाण्याची जबाबदार वर्तणूक मला परवडत होती.

या अडचणीवर उपाय नाही असे नाही. १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. त्या योजनेत आजारी कामगाराला सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. स्वतंत्र भारताने कामगारांसाठी उभारलेल्या ज्या उत्तम संस्था आहेत त्यांत मी या योजनेची गणना करतो. पण येथेही उंबरठा आहे तो दहा कामगारांचा. म्हणजे ज्या वाढप्याचे आजारपण शेकडो गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचू शकते, त्यालाच आजारपणाच्या विम्यातून आपण बाहेर ठेवले आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने याहून उलटी व्यवस्था क्वचितच सापडेल.

नळाला काय येते?

हात धुवा, असे सांगणाऱ्याने आधी नळाला काय येते ते पाहावे. आपण पंचगंगेच्या तळाला राहणारी माणसे आहोत. कोल्हापूर आणि इचलकरंजी ओलांडून, वाटेत त्या शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन, ही नदी आपल्या दारात कृष्णेला मिळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. ती दूषित पाण्याची साथ होती. तेथल्या एखाद्या वाढप्याने नियमाप्रमाणे दिवसातून वीस वेळा हात धुतले असते, तरी त्याच पाण्याने धुतले असते. पाणी निर्मळ ठेवणे हे वाढप्याच्या हातात नाही. ते नगरपालिका, प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा आणि कारखानदार यांच्या हातात आहे.

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सर्वांनी भोगले आहेत. पूर ओसरल्यावर गावात पहिली धडपड कसली होती, ते आठवा. चिखल काढणे, मोऱ्या व संडास मोकळे करणे, पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळविणे. त्या दिवसांत कोणी असे म्हणाले नाही की स्वच्छता ही ज्याच्या त्याच्या संस्काराची बाब आहे. ती सार्वजनिक व्यवस्थेची बाब आहे हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होते. चिखल वाळला की आपण ते विसरतो.

शुद्धता आणि स्वच्छता

आपल्या समाजात हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड झाला आहे. शतकानुशतके आपण स्वच्छतेऐवजी शुद्धतेचा विचार केला. अन्न कोणी शिजविले, कोणी वाढले, पाण्याला कोणाचा स्पर्श झाला, हे आपण बारकाईने पाहिले. ते पाणी स्वच्छ आहे का, हे पाहण्याची आपल्याला गरज वाटली नाही. या जिल्ह्याला तर हे वेगळे सांगावयास नको. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढावयास साहाय्य केले आणि गाडी थांबवून स्वतः तेथला चहा घेतला. बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावला. शंभर वर्षांपूर्वीचा तो एक पेला चहा हा आपल्या उपाहारगृहांच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग आहे, असे मी मानतो. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांचे दार सर्वांना उघडे केले, त्याची पूर्वतयारी अशा प्रसंगांनी केली.

पुढचे दार उघडले. मागचे दार मात्र अजून तसेच आहे. हॉटेलातला संडास कोणी धुवावयाचा, हे आजही बहुतेक ठिकाणी जातीनेच ठरते. ते काम करणारा माणूस भटारखान्यात आलेला मालकाला चालत नाही, आणि भटारखान्यातला माणूस संडासाला हात लावावयास तयार नसतो. परिणामी तो संडास घाणच राहतो. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी उपोषण केले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. जे काम समाज हीन मानतो ते नीट होऊच शकत नाही, हे अप्पासाहेबांनी ओळखले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सुधारित संडासांचे प्रयोग केले, ते याच जाणिवेतून. आपल्या चळवळीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे काम मात्र आपण त्यांच्याबरोबरच समाधीस्थ केले.

या व्यवस्थेचा सर्वांत जास्त भार बायकांवर पडतो. पुरुष कामगार बोळाच्या कोपऱ्याला जाऊन येतो. ते लाजिरवाणे आहे, पण त्याचे भागते. बाईचे भागत नाही. ती पाणी पिणे सोडते. आचेपुढे बसून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईला मूत्रमार्गाचे विकार जडतात, हे सांगावयास डॉक्टर लागत नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते येथे बसलेल्या भगिनी माझ्यापेक्षा अधिक जाणतात. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्कासाठी मोहीम चालविली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने संपादक विद्या बाळ यांच्यामार्फत उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याबाबत आदेश दिले. हे यश मोठे होते. पण ते प्रामुख्याने महापालिकांच्या शहरांचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रीचे होते. लहान गावातील खानावळीत बसून राबणारी स्त्री अजून त्या निकालाच्या बाहेर आहे.

मालकाची बाजू

आता मालकाची बाजू मी मांडतो, कारण ती मांडल्यावाचून आपला विचार एकांगी होईल. ज्या खानावळीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिच्या मालकाशी मी नंतर बोललो. तो म्हणाला, "सर, तुम्ही म्हणताय ते पटतंय. पण जागा भाड्याची. मागं बोळ, बोळात गटार. संडास बांधू तर कुठं? आणि माझी बायकोपण आतच राबते की. तिची सोय तरी मी कुठं केलीया?" या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो. कारखानदार आणि हा मालक यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. तो स्वतः पहाटे उठतो, भाजी निवडतो, रात्री भांडी आवरतो. त्याच्यावर फक्त खटले भरून काही साधणार नाही. उलट निरीक्षकाच्या हप्त्याची सोय होईल.

मग बाजार हा प्रश्न सोडवील का? ज्याचे हॉटेल स्वच्छ त्याच्याकडे गिऱ्हाईक जाईल, स्पर्धेने सर्व सुधारेल, असे काही अर्थशास्त्रज्ञ सांगतील. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, विकणाऱ्याला वस्तूचा खरा दर्जा माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उपाहारगृह हे याचे चांगले उदाहरण आहे. गिऱ्हाइकाला टेबलावरची फरशी दिसते, मोरी दिसत नाही. म्हणून मालक टेबलावर खर्च करतो आणि मोरी तशीच राहते. जो मालक कामगारांसाठी स्वच्छतागृह बांधील, त्याच्या मिसळीचा दर दोन रुपयांनी वाढेल. आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. चांगले वागणाऱ्याला दंड करणारा हा बाजार आहे. म्हणूनच सर्वांना समान लागू होणारा नियम आणि सार्वजनिक खर्चाने उभारलेली सोय, या दोन्हींची गरज आहे.

आपण काय करावयाचे?

कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात नुसते विश्लेषण करून थांबणे बरे नव्हे. म्हणून पाच गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट पाहणीची. येत्या महिन्यात आपल्या गावातील व वाडीतील प्रत्येक उपाहारगृहाची साधी नोंद करावी. किती कामगार, त्यांत स्त्रिया किती, स्वच्छतागृह आहे का, नसल्यास कामगार कोठे जातात, पाणी कोठून येते, आजारपणाच्या दिवसाची मजुरी मिळते का. मालकाशी भांडण करण्यासाठी ही पाहणी नाही. स्त्री कामगारांशी स्त्री कार्यकर्त्यांनीच बोलावे.

दुसरी गोष्ट सामाईक स्वच्छतागृहांची. एखाद्या आस्थापनेला जागेची अडचण असेल तर अनेक मालकांनी मिळून सामाईक सोय करावी, अशी समंजस वाट २०१७ च्या कायद्याने ठेवली आहे. सार्वजनिक मुताऱ्या व शौचालये बांधणे हे तर नगरपालिकेचे कर्तव्यच आहे. दोन्ही जोडून बाजारपेठेच्या प्रत्येक गल्लीत एक स्वच्छतागृह, पाणी व दिव्यासह, पालिकेने बांधावे आणि त्याच्या निगराणीचा खर्च त्या गल्लीतील दुकानदारांनी वाटून घ्यावा. ते धुणाऱ्याला पूर्ण वेतन, हातमोजे व गमबूट मिळाले पाहिजेत, ही अट त्यातच असावी.

तिसरी मागणी कायद्याची. मुतारी, शौचालय, पिण्याचे पाणी आणि आजारपणाचे वेतन यांना कामगारसंख्येची अट असता कामा नये. माणसाचे मूत्राशय सहकाऱ्यांची संख्या मोजून भरत नाही.

चौथी गोष्ट वाडीच्या यात्रेची. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला वाडीत लोटणारी गर्दी आपण पाहतो. दर बारा वर्षांनी कन्यागत येते. २०१६ साली झालेल्या कन्यागताची लगबग आपल्याला आठवते, आणि पुढचे फार दूर नाही. त्यासाठी सरकारी निधी येईल, घाट होतील, रस्ते होतील. त्या आराखड्यात यात्रेकरूंबरोबर त्यांना जेवू घालणाऱ्या कामगारांच्या सोयीही असाव्यात, ही मागणी आतापासून लावून धरावयास हवी. आराखडा छापून आल्यावर मागणी करणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे होय.

पाचवी गोष्ट संघटनेची. हॉटेल कामगार विखुरलेला असतो, सतत मालक बदलतो, म्हणून त्याची संघटना होत नाही असे म्हणतात. जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या सार्वजनिक कार्याची सुरुवात मंगळूरमधल्या हॉटेल कामगारांना संघटित करूनच केली होती, हे विसरू नये. वेतनाच्या प्रश्नावर जो कामगार भीतीने पुढे येत नाही, तो मुतारीच्या प्रश्नावर कदाचित येईल; कारण या मागणीला उघडपणे नाही म्हणण्याची मालकालाही लाज वाटते.

कोणी म्हणेल, देशापुढे एवढे मोठे प्रश्न असताना हे काय घेऊन बसलात? माझे उत्तर असे आहे. समता हा शब्द आपण व्यासपीठावरून उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या आयुष्यात कोठेतरी टेकला पाहिजे. तव्यापुढे बसलेल्या त्या बाईंना राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद ठाऊक नसेल. त्यांच्या दृष्टीने प्रजासत्ताकाची कसोटी फार साधी आहे. कामाच्या जागी तहान लागली, तर निर्धास्तपणे तांब्याभर पाणी पिता यावे.

त्या खानावळीत पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. मालकाने शेजारच्या दुकानदाराशी बोलून त्याच्या मागच्या संडासाची एक किल्ली मागून घेतली. महिन्याला थोडे पैसे ठरले. खटला, मोर्चा काही लागला नाही. पण त्यासाठी कोणीतरी विचारावे लागले, आणि ते विचारावयास मला तीस वर्षे लागली. तुम्ही एवढा वेळ घेऊ नये, एवढीच विनंती करतो.